विश्लेषण : नात्यातील लग्नांनी स्पेनचे राजघराणे कसे संपवले?

स्पेनचा राजा दुसरा कार्लोस १ नोव्हेंबर १७०० रोजी माद्रिदमध्ये मरण पावला. एकोणचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. दोन लग्ने होऊनही त्याला मूलबाळ नव्हते. १५१६ पासून स्पेनवर राज्य करणारी हॅब्सबर्ग घराण्याची शाखा त्याच्याबरोबर संपली आणि त्याच्या गादीसाठी युरोपात मोठे युद्ध पेटले. आयुष्यभर आजारी असलेल्या या राजावर कुणी तरी करणी केली आहे, अशी समजूत त्याच्या हयातीतच पसरली होती. संशोधकांनी मात्र कारण त्याच्या वंशावळीत शोधले. युरोपातील राजघराणी नात्यातच लग्ने का करत होती, त्याची किंमत कुणी मोजली आणि कोणत्या आजारांसाठी या प्रथेला उगाच दोष दिला जातो, याविषयी.

राजघराणी नात्यातच सोयरीक का करत?

त्या काळात राज्य ही राजघराण्याची मालमत्ता मानली जाई. राजकन्येच्या लग्नात हुंडा, आंदण आणि वारसाहक्क या तिन्हींचा हिशेब असे. मुंबईकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाचा करार १६६१ मध्ये झाला आणि मुंबई बेट इंग्लंडला आंदण मिळाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माद्रिदमध्ये दुसऱ्या कार्लोसचा जन्म झाला.

हॅब्सबर्ग घराणे तर युद्धापेक्षा लग्नाने राज्य वाढवणारे म्हणूनच ओळखले जाई. सम्राट पाचव्या चार्ल्सला स्पेन आईकडून आणि नेदरलँड्स वडिलांकडून मिळाले. १५५६ मध्ये त्याने सत्ता सोडली. स्पेन व नेदरलँड्स मुलगा दुसऱ्या फिलिपकडे गेले, तर ऑस्ट्रियाचा मुलूख आणि सम्राटपद भाऊ फर्डिनांडकडे. घराण्याच्या दोन शाखा झाल्या. लग्नाने आलेला मुलूख लग्नानेच दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे या घराण्याइतके कुणालाच नीट ठाऊक नव्हते. त्यामुळे माद्रिद आणि व्हिएन्ना यांनी मुली एकमेकांकडेच देण्याचा परिपाठ ठेवला.

या गणिताचा फायदाही झाला. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्टियन १५७८ मध्ये मोरोक्कोतील लढाईत निपुत्रिक मारला गेला. १५८० मध्ये त्याचा वारसदार कार्डिनल हेन्रीही वारला, तेव्हा दुसऱ्या फिलिपने आपल्या पोर्तुगीज आईच्या नात्याने त्या गादीवर हक्क सांगितला आणि सैन्य पाठवून तो बजावला. परिणामी गोवा, वसई, चौल ही पोर्तुगीज ठाणीही १६४० पर्यंत हॅब्सबर्ग राजांच्या अमलाखाली राहिली.

निवडीला आणखी दोन कुंपणे होती. वधू-वर तोलामोलाच्या राजकुळातलेच हवेत, हे एक. दुसरे धर्माचे. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ उभा राहिल्यावर उत्तर युरोपातील कित्येक घराणी कॅथलिक राजांसाठी वर्ज्य झाली. कॅथलिक, राजकुळातले आणि राजकारणाला सोयीचे अशा तिन्ही अटी लावल्यावर उरत ती बहुधा घरातलीच माणसे.

चर्चचा याला विरोध नव्हता का?

नियमांत होता. रक्ताच्या नात्यातील विवाहांना चर्चची बंदी होती. एकेकाळी ती सातव्या पायरीच्या नात्यापर्यंत जाई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती चौथ्या पायरीवर आणली. या नियमानुसार सख्ख्या भाचीशी लग्न हा विचारही करण्याजोगा नव्हता. मात्र पोपकडून विशेष सूट मिळवण्याची वाट खुली होती आणि राजांना ती सहसा मिळे. सामान्य शेतकऱ्यासाठी जो नियम अडसर ठरे, तो राजासाठी अर्ज-विनंतीचा विषय होता. इथे बंदीमागचा हेतू जीवशास्त्रीय नव्हता. त्यामुळे सूट देताना अपत्यांच्या प्रकृतीचा प्रश्न कुणाच्या समोर येण्याचे कारणही नव्हते.

वंशावळीत नेमके काय घडत गेले?

इंग्रजीतल्या 'कझिन' आणि 'अंकल' या शब्दांपेक्षा मराठीतली नाती हा गुंता अधिक नेमका दाखवतात. पाचवा चार्ल्स आणि त्याची पत्नी पोर्तुगालची इसाबेला ही मावस भावंडे. चार्ल्सची बहीण कॅथरीन दिली होती इसाबेलाच्या भावाला, पोर्तुगालचा राजा तिसऱ्या जॉनला. म्हणजे आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात, तोच प्रकार. पुढच्या पिढीत चार्ल्सचा मुलगा दुसरा फिलिप आणि जॉनची मुलगी मारिया मॅन्युएला यांचे १५४३ मध्ये लग्न झाले. ती फिलिपची मामेबहीण होती आणि आतेबहीणही. त्यांचा मुलगा डॉन कार्लोस याला आठऐवजी चारच पणजोबा-पणज्या होते. वागण्यात विक्षिप्त, बापाने कैदेत टाकलेला हा युवराज १५६८ मध्ये २३ व्या वर्षी वारला.

वारस हवा म्हणून १५७० मध्ये फिलिपने बहिणीच्या मुलीशी, ऑस्ट्रियाच्या अ‍ॅनाशी लग्न केले. अ‍ॅनाचे आई-वडीलही सख्खी चुलत भावंडे होती. या मामा-भाचीचा मुलगा तिसरा फिलिप. त्याची पत्नी मार्गारेट ही त्याच्या आईची चुलत बहीण, म्हणजे नात्याने मावशी. शिवाय मार्गारेटचे आई-वडील हेही मामा-भाचीच.

त्यांचा मुलगा चौथा फिलिप. त्याचा एकुलता मुलगा बाल्टासार याचे लग्न आतेबहीण मारियाना हिच्याशी ठरले होते. १६४६ मध्ये तो १६ व्या वर्षी वारला. तेव्हा विधुर झालेल्या ४४ वर्षांच्या फिलिपने १६४९ मध्ये मुलाच्या वाग्दत्त वधूशी, म्हणजे स्वतःच्या १४ वर्षांच्या सख्ख्या भाचीशी विवाह केला. या जोडप्याला पाच मुले झाली. त्यातली तीन बालपणीच गेली. जेमतेम चार वर्षांचा होत आलेला युवराज फिलिप प्रॉस्पेरो १ नोव्हेंबर १६६१ रोजी वारला आणि पाच दिवसांनी दुसरा कार्लोस जन्मला.

कार्लोसची आई ही त्याची आतेबहीण होती. त्याचे वडील त्याच्या आईचे मामा होते. त्याची आजी ही त्याची सख्खी आत्याही होती.

वरचेवर अशी लग्ने झाली की शरीरात काय होते?

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे सहसा दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. जवळजवळ प्रत्येक माणूस काही सदोष जनुके बाळगून असतो. यातले अनेक दोष अप्रभावी असतात. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते आणि आजार दिसत नाही. दोन्ही प्रती सदोष आल्या तरच आजार उद्भवतो. अनोळखी कुळांतील स्त्री-पुरुषांमध्ये नेमका एकच दुर्मीळ दोष असण्याची शक्यता कमी असते. नात्यातल्या जोडप्यात ती वाढते, कारण दोघांनाही तो एकाच आजोबा-आजीकडून मिळालेला असू शकतो.

ही शक्यता मोजण्यासाठी शास्त्रज्ञ 'अंतःप्रजनन गुणांक' वापरतात. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची ही संभाव्यता. सख्ख्या मामे, आते, मावस किंवा चुलत भावंडांच्या अपत्यात ती ६.२५ टक्के असते. मामा-भाचीच्या अपत्यात १२.५ टक्के. सख्ख्या बहीण-भावाच्या अपत्यात २५ टक्के. हे आकडे मूळ जोडप्याच्या आधीच्या पिढ्यांत नातेसंबंध नसतील तेव्हाचे आहेत. आधीच्या पिढ्यांतही अशीच लग्ने झाली असतील, तर ते साचत जातात.

संशोधकांना काय आढळले?

स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठाचे गोन्सालो अल्वारेस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचा हिशेब मांडला. राजघराण्यांच्या नोंदी शतकानुशतके जपल्या गेल्याने १६ पिढ्यांतील तीन हजारांहून अधिक व्यक्तींची वंशावळ त्यांना वापरता आली. स्पॅनिश शाखेचा मूळ पुरुष पहिला फिलिप याचा गुणांक २.५ टक्के निघाला. दुसऱ्या कार्लोसपर्यंत तो २५.४ टक्क्यांवर पोहोचला होता. त्याचे आई-वडील मामा-भाची असले, तरी जनुकांच्या हिशेबात तो सख्ख्या बहीण-भावाच्या अपत्यासारखा होता. या घराण्यातील राजांच्या ११ विवाहांपैकी नऊ रक्ताच्या नात्यात झाले होते.

त्याच अभ्यासातला बालमृत्यूचा आकडा राजाच्या आजारपणापेक्षाही बोलका आहे. १५२७ ते १६६१ या काळात स्पेनच्या राजांना ३४ मुले झाली. त्यातली १० पहिल्या वाढदिवसाआधी आणि एकूण १७ दहा वर्षांची होण्याआधी दगावली. म्हणजे निम्मी. त्या काळच्या स्पॅनिश खेड्यांत पहिल्या वर्षातील बालमृत्यूचे प्रमाण सुमारे २० टक्के होते, राजवाड्यात ते २९ टक्क्यांवर गेले. उत्तम अन्न, दाया आणि वैद्य हाताशी असलेल्या घरात गरिबांच्या झोपडीपेक्षा जास्त पाळणे रिकामे होत होते.

कार्लोस उशिरा बोलू लागला, उशिरा चालू लागला. त्याला वारंवार ताप, पोटाचे विकार, अशक्तपणा असे. पिट्युटरी ग्रंथीच्या संप्रेरकांची कमतरता आणि मूत्रपिंडाचा एक विकार, असे दोन अप्रभावी आनुवंशिक दोष एकत्र आले असावेत, असा या संशोधकांचा तर्क आहे. २०१९ मध्ये याच गटाने हॅब्सबर्गांच्या प्रसिद्ध पुढे आलेल्या जबड्याचा अभ्यास केला. चेहऱ्याच्या दहा शल्यविशारदांनी १५ व्यक्तींची ६६ चित्रे तपासली. गुणांक जितका जास्त, तितका खालचा जबडा अधिक पुढे आलेला, असा संबंध त्यात आढळला. ज्या चित्रकारांना राजाला देखणे दाखवायचे होते, त्यांनाही तो जबडा लपवता आला नाही.

किंमत कुणी मोजली?

इतिहासात नाव कार्लोसचे राहिले. पण माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील व्हेलाझ्केझच्या १६५६ च्या 'लास मेनिनास' या चित्राच्या मध्यभागी जी पाच वर्षांची मुलगी उभी आहे, तिचीही गोष्ट सांगायला हवी. ती कार्लोसची सख्खी मोठी बहीण मार्गारिता तेरेसा. तिचे लग्न सम्राट लिओपोल्डशी लहानपणीच ठरले होते आणि ती कशी वाढते आहे हे कळावे म्हणून व्हेलाझ्केझने काढलेली तिची चित्रे व्हिएन्नाला पाठवली जात. लिओपोल्ड तिचा सख्खा मामा होता आणि आतेभाऊही. १६६६ मध्ये लग्न झाले, चार मुले झाली, त्यातली एक जगली. मार्गारिता २१ व्या वर्षी वारली. जगलेली मुलगी मारिया अंतोनिया, तिचा गुणांक तर कार्लोसपेक्षाही जास्त, सुमारे ३० टक्के. ती २३ व्या वर्षी, मुलाला जन्म दिल्यानंतर वारली. तो मुलगा जोसेफ फर्डिनांड स्पेनचा भावी राजा म्हणून जाहीर झाला आणि १६९९ मध्ये सहाव्या वर्षी दगावला.

त्यानंतर कार्लोसने मृत्युपत्रात फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या नातवाला, अंजूच्या फिलिपला वारस नेमले. ऑस्ट्रियाला ते मान्य नव्हते. फ्रान्स आणि स्पेन एका घरात जाणे इंग्लंड व हॉलंडलाही नको होते. १७०१ ते १७१४ चाललेल्या स्पॅनिश वारसायुद्धानंतर बूर्बो घराण्याचा फिलिप गादीवर राहिला, पण नेदरलँड्स आणि इटलीतील स्पेनचा मुलूख गेला. १७०४ मध्ये जिंकलेले जिब्राल्टर १७१३ च्या उट्रेख्ट तहाने ब्रिटनला मिळाले, ते आजही त्यांच्याकडे आहे. राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून केलेल्या लग्नांचा शेवट राज्य घराबाहेर जाण्यातच झाला.

सगळे खापर आप्तविवाहांवर फोडता येईल का?

नाही. गुणांक शक्यता सांगतो, भाकीत करत नाही. मार्गारिता आणि कार्लोस एकाच आई-वडिलांची मुले, दोघांचा गुणांक एकच. तरीही कार्लोससारखी व्यंगे तिच्यात नव्हती. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाचे निदान दरबारी पत्रांवरून आणि चित्रांवरून करताना तर्कालाही मर्यादा असतात. त्या काळी देवी, गोवर, बाळंतरोग यांनी कोणत्याही घरातली माणसे जात.

तरीही हा प्रकार एकदाच घडलेला नाही. ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फर्डिनांड (जन्म १७९३) याचे आई-वडील पुन्हा साटेलोट्यातून आलेली दुहेरी भावंडे होती. त्याला अपस्माराचे झटके येत, डोक्यात पाणी साचण्याचा विकार होता. राज्यकारभार इतरच पाहत. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत त्याने पुतण्या फ्रान्झ जोसेफसाठी गादी सोडली. त्यालाही मूल नव्हते.

राणी व्हिक्टोरियाच्या वंशातील हिमोफिलियाचे काय?

सर्वाधिक गैरसमज इथे आहे. रक्त न गोठण्याचा हा आजार 'राजरोग' म्हणून ओळखला गेला. व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट ही आते-मामे भावंडे असल्याने आजाराचे कारण तेच, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाकडे एकच एक्स गुणसूत्र असते आणि ते आईकडून येते. त्यामुळे आई वाहक असेल, तर वडील नात्यातले असोत की परके, मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. व्हिक्टोरियाच्या आधीच्या पिढ्यांत या आजाराचा माग लागत नाही. म्हणून तिच्यात किंवा तिच्या आई-वडिलांपैकी एकाच्या बीजपेशीत नव्याने उत्परिवर्तन झाले असावे, असे मानले जाते.

तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये ३० व्या वर्षी पडल्याचे निमित्त होऊन वारला. अ‍ॅलिस आणि बिअ‍ॅट्रिस या मुली वाहक होत्या. अ‍ॅलिसची मुलगी अलेक्झांड्रा रशियाची सम्राज्ञी झाली. तिचा १९०४ मध्ये जन्मलेला मुलगा अलेक्सी याच्या आजारपणामुळेच रास्पुतिनला राजवाड्यात शिरकाव मिळाला. बिअ‍ॅट्रिसच्या मुलीमार्फत आजार स्पेनमध्ये गेला. १९१८ मध्ये मारल्या गेलेल्या रशियन राजकुटुंबाच्या अवशेषांची २००९ मध्ये जनुकीय तपासणी झाली, तेव्हा हा हिमोफिलियाचा 'बी' प्रकार असल्याचे स्पष्ट झाले. मोजक्या घराण्यांनी आपसातच सोयरिकी केल्याने हा दोष दरबारादरबारांत पोहोचला, एवढाच त्या प्रथेचा इथे वाटा. तो निर्माण मात्र तिने केला नाही.

ही प्रथा थांबली कशी?

विज्ञानाने ती थांबवली नाही. चार्ल्स डार्विनला आप्तविवाहाच्या परिणामांची चिंता होती. त्याची पत्नी एमा ही त्याची मामेबहीण होती आणि त्यांच्या दहापैकी तीन मुले बालपणी वारली. १८७१ च्या ब्रिटिश जनगणनेत याविषयी प्रश्न विचारावा, ही त्याची सूचना संसदेने फेटाळली. राजघराण्यांत तर १९०० मध्येही युवराज फ्रान्झ फर्डिनांडने तोलामोलाची नसलेल्या सोफी शोटेकशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुलांना गादीचा हक्क नाकारण्यात आला.

बदल घडवला तो पहिल्या महायुद्धाने. रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रियाची सिंहासने गेली, राजांच्या हातची सत्ता गेली आणि लग्नातून मुलूख मिळण्याचे दिवस संपले. मग तोलामोलाची अटही सैल झाली. नॉर्वेच्या युवराज हॅराल्डने १९६८ मध्ये सामान्य घरातील सोन्या हॅराल्डसेनशी, तर स्पेनच्या युवराज फेलिपेने २००४ मध्ये पत्रकार लेतिसिया ओर्तिस यांच्याशी विवाह केला.

आपल्यासाठी यातून काय?

हा विषय आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी आणि दक्षिण भारतात मामा-भाचीचे लग्न काही समाजांत रूढ आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ ने अशी नाती निषिद्ध ठरवली असली, तरी रूढी असल्यास त्यांना सूट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात सुमारे ११ टक्के विवाह नात्यातले आढळले. तमिळनाडू आणि कर्नाटकात हे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून जास्त आहे.

कार्लोसची गोष्ट सांगून अशा कुटुंबांना घाबरवणे योग्य नाही. सर्वसाधारण अपत्यांत जन्मजात व्यंगाची शक्यता दोन-तीन टक्के असते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यांत ती आणखी साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. म्हणजे धोका आहे, पण बहुसंख्य मुले निरोगी जन्मतात. हॅब्सबर्गांना भोवले ते पिढ्यान्‌पिढ्या तेच करत राहणे. ज्या कुटुंबात आधीच्या दोन-तीन पिढ्यांतही नात्यातली लग्ने आहेत, लहान वयात दगावलेली किंवा जन्मतः बहिरी, मतिमंद मुले आहेत, थॅलेसेमियासारखा आजार आहे, तिथे धोका पुस्तकी सरासरीपेक्षा मोठा असू शकतो. तिथे लग्नाआधी किंवा निदान गर्भधारणेआधी जनुकीय समुपदेशन घेणे शहाणपणाचे.

हॅब्सबर्गांकडे वंशावळ होती, ती वाचण्याचे शास्त्र नव्हते. आज ते शास्त्र जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचवणे हे सरकारचे काम आहे आणि सोयरीक ठरवताना जमीन घरात राहते का याबरोबर घरातल्या किती पाळण्यांना आधी दुःख भोगावे लागले, हे विचारणे घरातल्या मोठ्यांचे.